नेपथ्याआधी संहिता उभी करा : अभिजात नाटकं पुन्हा रंगमंचावर आणणाऱ्यांना खुले पत्र

मराठी रंगभूमीवर जुनी, अभिजात नाटकं नव्याने उभी करणाऱ्या सर्व निर्माते, दिग्दर्शक आणि नेपथ्यकार मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी यांच्या संहिता तुम्ही पुन्हा हातात घेतल्यात, त्याबद्दल सर्वात आधी आभार. नाट्यगृहाचं भाडं, दौऱ्याचा खर्च, साथीदारांच्या तारखा, गाणारे नट मिळवण्याची वणवण, हे सगळं सांभाळून तुम्ही जुनं नाटक उभं करता आणि नव्या पिढीला ते बघायला मिळतं. याची किंमत माझ्यासारख्या प्रेक्षकाला ठाऊक आहे. म्हणूनच मनात बरेच दिवस असलेलं बोलायचं धाडस करतो आहे.

अलीकडे एका जुन्या संगीत नाटकाचा नवा प्रयोग पाहिला. मागे भिंतभर एलईडी पडदा होता. नायिकेने पद सुरू केलं आणि तिच्या पाठीमागे धबधबा कोसळायला लागला. पाणी उसळतंय, तुषार उडताहेत, मधूनच एक पक्षी या टोकापासून त्या टोकाला जातोय. मुलगी फार सुरेख गात होती. पण माझ्या रांगेतले सगळे त्या पक्ष्याकडे बघत होते आणि मीही बघत होतो. मध्यंतरात लक्षात आलं की पहिल्या अंकातला एक अख्खा प्रवेश आणि दोन पदं गळाली आहेत. प्रवेशाप्रवेशात मात्र सेट हलवायला लांबलचक ब्लॅकआऊट होते. तीन तासांच्या सत्रात नाटक बसवायचं म्हणजे कात्री लागणारच, मूळ संगीत नाटकं रात्र रात्र चालायची, हे मान्य. माझा प्रश्न एवढाच आहे की वाचलेला वेळ गेला कुठे? तो त्या ब्लॅकआऊटमध्ये गेला.

हा प्रश्न काही आपल्यापुरता नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनच्या रंगभूमीने शेक्सपिअर करताना साठ वर्षं हेच भोगलं. त्यांच्यासमोर एक अभिजात नाटककार होता, हाताशी गॅसचे दिवे, लाइमलाइट, चित्रकारांचे ताफे आणि शेकडो मजूर होते, आणि पैसे मोजून बघायला येणारा प्रेक्षकही होता. त्यांनी काय केलं आणि त्याचं काय झालं, हे तुमच्यापुढे मांडायचं आहे. आपण तोच खर्च पुन्हा करू नये, ही तळमळ त्यामागे आहे.

सुरुवात १८४३ पासून करतो. सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेच हे वर्ष. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नवा नाट्यगृह कायदा झाला. त्याआधी लंडनमध्ये गद्य, गंभीर नाटक करायचा हक्क जवळजवळ दोनच थिएटरांकडे होता, ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन. बाकीच्यांना नाटकात गाणी, नाच, मूकनाट्य घालून पळवाट काढावी लागे. ती मक्तेदारी गेली आणि शेक्सपिअर कुणालाही करता यायला लागला.

त्याचा सर्वात चांगला फायदा घेतला सॅम्युएल फेल्प्स या नटाने. शहराच्या मध्यापासून दूर, इझलिंग्टनमधलं सॅडलर्स वेल्स त्याने १८४४ साली चालवायला घेतलं. हे थिएटर तोवर रंगमंचावर पाण्याचा हौद भरून जलयुद्धं दाखवण्यासाठी प्रसिद्ध होतं. आजूबाजूची वस्ती कारकून, कारागीर आणि छोट्या दुकानदारांची. अशा ठिकाणी फेल्प्सने १८६२ पर्यंत शेक्सपिअरची तीसहून अधिक नाटकं केली. ‘तिसरा रिचर्ड’ तेव्हा सगळीकडे कॉली सिबर या जुन्या नट-नाटककाराने बदललेल्या संहितेवरून होत असे. फेल्प्सने १८४५ मध्ये शेक्सपिअरची स्वतःची संहिता काढून केली. ‘पेरिक्लीझ’ तर दीडशेहून अधिक वर्षं कुणी केलंच नव्हतं, ते त्याने १८५४ साली केलं.

फेल्प्सला देखाव्याचं वावडं होतं असं मात्र समजू नका. १८५३ च्या त्याच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये अरण्यातले प्रवेश सुरू झाले की नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये हिरवट रंगाचा एक झिरझिरीत पडदा सोडलेला असे. त्यातून सगळं अरण्य धुक्यात असल्यासारखं दिसे, पऱ्या आणि माणसं एकाच स्वप्नातली वाटत. हेन्री मॉर्ली या समीक्षकाने त्याची तोंडभरून स्तुती केली. विचार करा, एक पडदा. त्यासाठी प्रवेश थांबवावा लागला नाही, ओळ कापावी लागली नाही, आणि नाटकाचा स्वभावच डोळ्यांना दिसला. नेपथ्यकार मित्रांनो, मी ज्या नेपथ्याची विनंती करतो आहे ते हे.

आता त्याच काळातलं दुसरं टोक. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या प्रिन्सेस थिएटरचा चालक चार्ल्स कीन, १८५० ते १८५९. कीन विद्वान होता, पुरातत्त्वाचा अभ्यासक होता. नाटक ज्या काळात घडतं त्या काळातली तलवार, चिलखत, खुर्ची, कमान जशीच्या तशी दिसली पाहिजे हा त्याचा ध्यास. प्रयोगाच्या पत्रिकेत तो आपले ऐतिहासिक आधार छापायचा. १८५६ साली त्याने ‘विंटर्स टेल’ प्राचीन ग्रीक वातावरणात बसवलं. शेक्सपिअरने लिहिलेला ‘बोहेमिया’ त्या काळाशी जुळेना, म्हणून त्याचा ‘बिथिनिया’ करून टाकला. छोट्या राजपुत्राच्या भूमिकेत नऊ वर्षांची एलन टेरी पहिल्यांदा रंगमंचावर आली. तिच्या हातात ओढायला एक खेळण्यातली गाडी होती, तीसुद्धा ब्रिटिश म्युझियममधल्या एका प्राचीन पात्रावरच्या चित्राबरहुकूम बनवलेली. पहिल्याच रात्री, खुद्द राणी व्हिक्टोरिया समोर बसलेली असताना, ती चिमुरडी त्याच गाडीला अडखळून पडली. पुढे तीच इंग्लंडची सर्वात लाडकी अभिनेत्री झाली आणि आठवणी लिहिताना हा प्रसंग तिने आवर्जून सांगितला आहे.

पण कीनची खरी गोष्ट १८५९ च्या ‘पाचव्या हेन्री’ची आहे. या नाटकात शेक्सपिअरने एक निवेदक ठेवला आहे, जवळजवळ आपल्या सूत्रधारासारखा. तो येऊन प्रेक्षकांची माफीच मागतो. या एवढ्याशा फळ्यांवर फ्रान्सची रणांगणं कशी मावणार, आम्ही घोडे म्हटलं की तुम्ही मनात घोडे बघा, असं तो विनवतो. संपूर्ण नाटक या विनवणीवर उभं आहे. कीनने निवेदकाच्या जागी इतिहासाची देवता आणली, ती भूमिका आपल्या पत्नीला दिली, आणि ती जे ‘मनात बघा’ म्हणते ते सगळं रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवलं. पाचव्या अंकाआधी निवेदक सांगतो की विजयी राजा लंडनला परतला आणि लोकांनी रस्ते भरून टाकले. शेक्सपिअरने हे थोडक्या ओळींत उरकलं आहे. कीनने त्याची मिरवणूकच काढली. कमानी, पताका, गर्दी, घंटा. दोन वर्षांपूर्वी ‘दुसऱ्या रिचर्ड’मध्येही त्याने अशीच मिरवणूक घातली होती आणि तिच्यात शेकडो माणसं होती.

प्रेक्षक लोटले. त्या काळच्या लंडनला हे थक्क करणारं होतं आणि मी तिथे असतो तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण नाटकाची वेळ तर तेवढीच राहणार. मिरवणुकीला जागा करायची तर बोलणं कमी करावं लागतं, आणि अवजड देखावे बदलायचे तर प्रवेश पुढेमागे करून एकत्र जोडावे लागतात. राजवाड्यातून रणांगणावर आणि तिथून तंबूत एका दमात झेप घेणारं नाटक मग तुकड्यातुकड्यांत थांबत चालतं. शब्दांनी जे चित्र उभं करायचं तेच चित्र मागे रंगवलेलं असेल तर ती ओळ दिग्दर्शकाला फालतू वाटू लागते आणि तिच्यावर पहिली काट पडते. तिथून पुढे नट त्या ओळींवर मेहनत घेणं सोडतो. हा क्रम मला सगळ्यात घातक वाटतो, कारण कापलेली ओळ पुढच्या खेपेला परत आणता येते, पण ओळ उभी करायची सवय गेली की ती सहजी परत येत नाही.

हेन्री आयर्व्हिंगबद्दल लिहिताना मन दोन्हीकडे ओढलं जातं. १८७८ पासून लंडनचं लायसियम थिएटर त्याच्या ताब्यात होतं. १८९५ साली सर ही पदवी मिळालेला तो पहिला नट. सॅव्हॉय थिएटरने १८८१ मध्येच विजेचे दिवे आणले होते, पण त्याने गॅसचा मऊ उजेड सोडला नाही. प्रेक्षागृह अंधारात ठेवायची रीत रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. आज आपण दिवे मालवून नाटक बघतो ते बऱ्याच अंशी त्याचं देणं आहे.

त्याच्या १८७९ च्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला एक प्रसंग ऐका. सावकार शायलॉकची मुलगी प्रियकराबरोबर पळून जाते. मुखवटे, गाणी, कालव्यातली होडी, सगळा जल्लोष, आणि पडदा. क्षणभराने पडदा पुन्हा वर जातो. रंगमंच रिकामा. हातात कंदील घेतलेला शायलॉक एकटाच पुलावरून येतो आणि आपल्या घराच्या दाराशी जातो. घर रिकामं आहे हे प्रेक्षकांना ठाऊक आहे, त्याला नाही. पुन्हा पडदा. शेक्सपिअरच्या संहितेत हा प्रसंग नाही, आणि त्यात शब्दही नाही. त्या नाटकात पोर्शिया करणाऱ्या एलन टेरीने लिहून ठेवलं आहे की इतक्या साध्या साधनांनी साधलेली इतकी करुणा तिने रंगभूमीवर दुसरीकडे पाहिली नाही. म्हणजे दिग्दर्शकाने काही घालूच नये असं माझं म्हणणं नाही. शायलॉक बाप आहे ही गोष्ट नाटकातच आहे, आयर्व्हिंगने ती डोळ्यांसमोर आणली. कीनच्या मिरवणुकीने हेन्रीबद्दल असं नवं काहीच सांगितलं नव्हतं.

पण याच आयर्व्हिंगने १८९२ च्या ‘किंग लिअर’मध्ये जवळजवळ निम्मी संहिता कापली. ग्लॉस्टर या सरदाराचे डोळे काढण्याचा प्रवेशच गाळला. त्याचं ‘हॅम्लेट’ नायकाच्या शेवटच्या शब्दांवर संपे, नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास येतच नसे. राज्य परक्या राजपुत्राच्या हाती जातं, हे त्या शोकांतिकेचं अर्धं ओझं, आणि ते लंडनच्या प्रेक्षकाला दिसतच नव्हतं. शेवटी १८९७ साली त्याच लायसियममध्ये फोर्ब्स-रॉबर्टसन या नटाने फोर्टिनब्रासला परत आणलं, बर्नार्ड शॉच्या आग्रहावरून.

आणि मग १८९८ ची आग. साउथवर्कमधल्या गोदामात लायसियमचे चाळीसहून अधिक नाटकांचे देखावे ठेवलेले होते, ते फेब्रुवारीत जळाले. विम्याची रक्कम नुकसानापुढे काहीच नव्हती. संहिता शाबूत होत्या, नट होते, तरीही ती नाटकं पुन्हा लावता येईनात, कारण ती त्या देखाव्यांभोवतीच बसवलेली होती. आयर्व्हिंगची तब्येतही ढासळत होती. पुढच्या वर्षी लायसियम एका कंपनीच्या हाती गेलं आणि १९०२ मध्ये त्याचा तिथला शेवटचा प्रयोग झाला. निर्माते मित्रांनो, हा हिशेब तुमच्यासाठी फार मोलाचा आहे. नाटक जितकं सामानावर उभं, तितकं दौऱ्यावर नेणं अवघड, तितके छोट्या गावांतले प्रयोग कमी. अमुक गावचा रंगमंच आमच्या सेटला पुरत नाही, म्हणून प्रयोग नाही, हे मी ऐकलं आहे.

या सगळ्या झगमगाटात एक माणूस उलट दिशेने चालला होता, विल्यम पोएल. १८८१ च्या एप्रिलमध्ये त्याने सेंट जॉर्जेस हॉलमध्ये ‘हॅम्लेट’ केलं. देखावे नाहीत, फक्त पडदे सोडलेलं व्यासपीठ, हौशी नट, आणि ‘हॅम्लेट’ची सर्वात पहिली छापील प्रत. हॅम्लेट तो स्वतःच झाला होता. समीक्षकांनी त्याला हसून घालवलं. तो थांबला नाही. पुढे शेक्सपिअरच्या काळातल्या रीतीने नाटकं करणारी एलिझाबेथन स्टेज सोसायटी काढून १८९७ मध्ये त्याने ‘ट्वेल्फ्थ नाइट’ लंडनच्या मिडल टेंपल हॉलमध्ये केलं, जिथे ते शेक्सपिअरच्या हयातीत १६०२ साली झालं होतं. प्रवेशामागून प्रवेश न थांबता वाहू दे, नटाचा आवाज आणि ओळीची लय ऐकू येऊ दे, एवढाच त्याचा आग्रह. विसाव्या शतकात शेक्सपिअर ज्या रीतीने होऊ लागला तिची पाळंमुळं पोएलच्या त्या हसं झालेल्या प्रयोगांत आहेत.

याच पोएलने १८९९ च्या उन्हाळ्यात रीजेंट्स पार्कमधल्या बोटॅनिक सोसायटीच्या बागेत कालिदासाचं ‘शाकुंतल’ इंग्रजीतून केलं. हे वाचलं तेव्हा मी फार हरखून गेलो. एलिझाबेथन स्टेज सोसायटीला कालिदास का सुचावा? मला वाटतं, त्याला आपलं माणूस भेटलं. कालिदासाच्या पहिल्या अंकात दुष्यंत रथातून हरणामागे धावतो. तिथे रंगसूचना आहे ‘रथवेगं निरूप्य’, म्हणजे रथाचा वेग अभिनयाने दाखवून. शकुंतला झाडांना पाणी घालते तेही अभिनयाने. तिला सतावणारा तो भुंगा रंगमंचावर कधी नसतोच. तो नटीच्या मानेत, हातांत आणि घाबरलेल्या डोळ्यांत असतो. पाठीमागच्या पडद्यावर उडता भुंगा दाखवला की नटीला करण्यासारखं काय उरलं?

आणि आपल्याकडे? ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक केले. रंगवलेले पडदे होते, हौस होती, पण त्या रात्रीने लोकांना वेड लावलं ते पदांनी. दोन वर्षांनी आगरकर डोंगरीच्या तुरुंगात होते आणि तिथेच त्यांनी ‘हॅम्लेट’वर काम केलं असं सांगतात. तेच ‘विकारविलसित’. लंडनमध्ये आयर्व्हिंगचा गॅसच्या उजेडातला हॅम्लेट गाजला त्याच काळात एक मराठी संपादक ते नाटक तुरुंगात ओळीओळीने मराठीत आणत होता. पुढे शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशांनी तो हॅम्लेट असा उभा केला की आजही त्यांचं नाव त्या भूमिकेशी जोडून घेतलं जातं. कशासाठी घेतलं जातं? त्यांच्या वाणीसाठी. त्यांच्या मागे कुठला पडदा होता हे कुणी सांगत नाही.

तेव्हा मागणं असं आहे. पुढचं जुनं नाटक घ्याल तेव्हा नेपथ्याचं चित्र काढायच्या आधी संपूर्ण संहितेचं वाचन करा, एकही ओळ न गाळता, नटांना आणि साथीदारांना समोर बसवून. कात्री त्यानंतर लावा. जिथे नाटककाराने पाऊस, रात्र, अरण्य शब्दांत किंवा सुरांत उभं केलं आहे तिथे मागचा पडदा शांत ठेवा. प्रवेश बदलताना एखादी चौकट, एक कंदील, एक बैठक पुरत असेल तर तेवढीच ठेवा आणि ब्लॅकआऊटचे वाचलेले क्षण विदूषकाला, दासीला, पहिल्यांदा कापल्या जाणाऱ्या त्या छोट्या पात्रांना द्या. सेटच्या अंदाजपत्रकातली थोडी रक्कम तालमीच्या दिवसांकडे वळवा. पद गाता येणं आणि पदाआधीचं गद्य बोलता येणं या दोन वेगळ्या तयाऱ्या आहेत, आणि दुसरीला आज कुणी वेळ देत नाही.

कीन जसे वेशभूषेचे आधार छापायचा तसं तुम्ही संपादनाचं छापा. कोणती आवृत्ती घेतली, कोणती पदं वगळली, कोणता प्रवेश हलवला, हे जाहिरातीत नको, पण नाट्यगृहाच्या दाराशी एका कागदावर तरी असावं. ज्याने मूळ नाटक पाहिलेलं नाही त्या विशीतल्या प्रेक्षकाला हेच किर्लोस्करांचं पूर्ण नाटक आहे असं वाटून तो घरी जातो, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे.

शिवाय दर हंगामात एक प्रयोग तरी बिनदेखाव्याचा करा. मागे काळा पडदा, तबला, ऑर्गन, नट आणि संहिता. तिकीट कमी ठेवा, जिथे तुमचा मोठा सेट जात नाही अशा गावच्या सभागृहात करा, शाळेच्या हॉलमध्ये करा. फेल्प्सच्या थिएटरात कारकून आणि कारागीर अठरा वर्षं शेक्सपिअर बघत राहिले, आपल्याकडच्या प्रेक्षकाचा कान त्याहून कमी तयार आहे असं मानायला मला कारण दिसत नाही.

अशा प्रयोगाची तारीख जाहीर करा. तिकिटं खपवायला, खुर्च्या लावायला, मूळ संहितेच्या प्रती मिळवून द्यायला माझ्यासारखे बरेच जण तयार आहेत. तुम्ही हाक मारा, आम्ही येतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
अभिजात नाटकांचा एक प्रेक्षक